सावित्रीसोबत खाली, चार दिवस

पहिला दिवस : पुणे ते पाचगणी

दगडाशी माझा संबंध तीस वर्षांचा, पण तो सगळा ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मोजलेला. डबर किती ब्रास, खडी किती ब्रास, मुरूम किती. साइट सुपरवायझर म्हणून पुण्याच्या आसपास एवढा काळा पाषाण फोडून घेतला, पण त्याचं वय विचारावंसं कधी वाटलं नाही. दगड पक्का की कच्चा, एवढंच बघायचो. निवृत्तीनंतर सकाळच्या फिरण्यात एका भूशास्त्राच्या प्राध्यापकांशी ओळख झाली (तेही निवृत्तच), आणि फेब्रुवारीत आम्ही सात जणांनी एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. सरांचा बेत सरळ होता. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते. तिच्या सोबतीनं वरून खाली यायचं. "वरून खाली म्हणजे नव्याकडून जुन्याकडे," सर म्हणाले. "वही शेवटच्या पानापासून वाचायची."

खंबाटकी घाट चढताना त्यांनी पहिला धडा दिला, तोही गाडी न थांबवता. समोरच्या डोंगरांकडे बघा म्हणाले. बघितलं. लहानपणापासून बघतोय. उभा कडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. जणू कुणी डोंगराला पायऱ्या पाडल्यात. प्रत्येक कडा म्हणजे लाव्हाच्या एका थराचा कठीण गाभा, आणि उतार म्हणजे त्या थराचा लवकर झिजणारा ठिसूळ भाग. या खडकांना ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात त्यातला ट्रॅप हा इंग्रजी सापळा नव्हे. मूळ स्वीडिश शब्द पायरीसाठीचा आहे. मी इतकी वर्षं ‘ट्रॅप’ ऐकून कशाचा सापळा असेल याचा विचार करत होतो.

"खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा," सर म्हणाले. "हे १६६९ साली स्टेनो नावाच्या माणसानं लिहून ठेवलं."

यात लिहून ठेवण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं आणि मी तसं म्हणालोही. पहिल्या मजल्याचा स्लॅब आधी पडतो, दुसऱ्याचा नंतर. गवंड्याच्या पोरालाही कळतं.

"बरोबर. आता मला सांगा, दोन स्लॅबच्या मध्ये काम किती दिवस बंद होतं, हे इमारत बघून सांगाल?"

"सांगेन की. वर निघालेल्या सळ्या किती गंजल्यात ते बघून."

सर एवढे खूश झाले की वाईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत. का ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पाचगणीला टेबललँडवर पोचलो तेव्हा चार वाजले होते. घोडेवाले, मक्याची कणसं, पतंग. आम्ही मात्र कडेला जाऊन जमिनीकडे बघत उकिडवे बसलेलो. लोकांना वाटलं असावं, कुणाची तरी अंगठी हरवली. पायाखालचा दगड तांबूस, भोकाभोकांचा, वाळलेल्या मधाच्या पोळ्यासारखा. हा तर जांभा! रत्नागिरीकडे याच दगडाचे चिरे घराला लावतात. पण कोकणातला दगड इथं समुद्रापासून तेराशे मीटर उंचीवर काय करतोय?

इथं सरांनी उत्तर दिलंच नाही. प्रश्नच विचारत राहिले. जांभा कसा होतो? बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर, लाखो पावसाळे झाले की त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून जातं; लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहतं. त्यासाठी पाणी मुरायला हवं. पाणी कुठं मुरतं? सपाट जागेत. कड्यावरून तर ते धावत सुटतं. मग हा जांभा झाला तेव्हा ही जागा कड्यावर होती का?

समोर, दरीपलीकडे, तशीच सपाट माथ्याची दुसरी टेकडी होती. तिकडे तिसरी. सगळ्यांचे माथे एका लेव्हलमध्ये असल्यासारखे साधारण एकाच उंचीला, आणि प्रत्येकावर तोच जांभा. आमच्यातल्या एक काकू, ज्यांनी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली, पटकन म्हणाल्या, "म्हणजे ही एकच जमीन होती. मधलं कापून नेलंय."

कापून नेलं ते नद्यांनी. ज्या दऱ्यांकडे बघून आपण ‘वा’ म्हणतो, तिथं खरं तर दगड असायला हवा होता. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा दरीकडे नसलेला डोंगर म्हणून बघितलं.

रात्रीच्या हॉटेलबद्दल न लिहिलेलं बरं. गरम पाण्याची बादली वेगळ्या पैशांनी, आणि ती पण कोमट.

दुसरा दिवस : क्षेत्र महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर

सकाळी पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. पाचींचं पाणी गोमुखातून एकत्र पडतं. यातली कृष्णा इथून पूर्वेला निघते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उडी टाकते. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. समुद्र इतका हाताशी असताना कृष्णेनं अख्खा देश ओलांडायचं कारण काय?

ऑर्थर सीटवर उभं राहिल्यावर कारण समोर दिसलं. पश्चिमेला जमीनच नाही. सावित्रीचं खोरं सरळ खाली कोसळलेलं. पूर्वेला मात्र पठार संथपणे उतरत गेलेलं. सरांचं म्हणणं असं, की उताराची ही दिशा कृष्णेनं ठरवलेली नाही, तिला ती मिळाली. भारताचा पश्चिम काठ फाटला, उचलला गेला आणि पठार पूर्वेकडे कललं. तेव्हाचा कडा मात्र आज आहे तिथं नव्हता, तो आणखी पश्चिमेला, आजच्या कोकणाच्या डोक्यावर कुठंतरी असणार. सावित्रीसारख्या आखूड, तीव्र उताराच्या नद्या मागे मागे कुरतडत गेल्या आणि कडा पूर्वेला सरकत आला. आम्ही उभे होतो ती जागाही त्यांच्या यादीत आहेच.

मग घाट. महाबळेश्वर ते पोलादपूर हा रस्ता गाडीनं दीड तासाचा. आम्ही सात तास घेतले. चालकदादा वाईकडचे, तरुण, पहिल्या दोन थांब्यांना वैतागले. तिसऱ्यापासून स्वतःच "सर, इथं लाल आहे बघा" म्हणून गाडी कडेला घ्यायला लागले.

तो ‘लाल’ हाच दिवसाचा नायक. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं काळ्या दगडांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, कुठं वीतभर, कुठं पुरुषभर उंच. मी घाईनं जाहीर केलं, "जांभा!" सर म्हणाले, हात लावून बघा. जांभा नव्हता. भोकं नव्हती. बोटानं खरवडला की भुकटी व्हायची, गेरूसारखी. खालच्या बाजूला हा लाल रंग कुठं सुरू होतो ते सांगता येईना; आधी काळा दगड, मग कुजलेला दगड, मग मुरूम, मग लालसर माती, असा हळूहळू. वरच्या बाजूला मात्र सुरीनं कापल्यासारखी रेघ आणि तिच्यावर लगेच नवा काळा दगड. रेघेच्या अगदी खालची दोन-चार बोटं माती भट्टीतल्या विटेसारखी कडक झालेली. मी नखानं टिचकी मारली, खण् वाजली.

"काम बंद होतं," मी म्हणालो.

"सळ्या गंजल्या," सर म्हणाले.

शब्दशः तेच. एक थर वाहून आला, थंड झाला, उघडा पडला. पाऊस, ऊन, हवा. दगडातलं लोह गंजलं, माती झाली. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्या मातीला भाजत तिच्यावरून गेला. भूशास्त्रात या पट्ट्यांना ‘बोल’ म्हणतात. मला ते नाव फार आवडलं, मराठीत तर फारच.

आता वकिली मुद्दा काकूंनी काढला. वरचा दगड नंतर वरूनच वाहून आला कशावरून? तापलेला रस खालून येऊन दोन थरांच्या फटीतही घुसला असेल की. सर म्हणाले, घुसतो कधी कधी. मग काय दिसेल ते सांगा. तिघा-चौघांनी डोकं चालवलं. फटीत घुसला असेल तर वरचंही भाजेल आणि खालचंही. उघड्यावर वाहिला असेल तर फक्त खालचं भाजेल. वरचं त्या वेळी अस्तित्वातच नसेल. मग त्या थराचा माथा शोधायला आम्ही वळणावळणानं वर चालत गेलो. एका मोटारसायकलवाल्यानं गाडी बंद पडली का म्हणून विचारलं. माथा सापडला. सच्छिद्र, फुगे आलेला, वर पुन्हा कुजत गेलेला, भाजल्याची खूण नाही. उघड्यावर वाहिला होता.

तो माथा बघून चालकदादा म्हणाले, "हा तर मांजऱ्या." त्यांच्या घरी विहिरी खणायचं काम चालायचं. काळा पाषाण लागला की सुरुंग, मांजऱ्या लागला की पहार पुरते, आणि पाणीही बहुतेक त्याच पट्ट्यात लागतं, असा त्यांच्या वडिलांचा हिशेब. मांजऱ्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर सरांनी भिंग धरलं. लाव्हा थिजताना त्यातली वाफ आणि वायू वर धावतात आणि फुग्यांची भोकं राहतात. पुढं त्या भोकांतून पाणी झिरपत राहतं आणि त्यांच्या आत स्फटिक वाढवतं. झिओलाइट. भिंगाखाली ठिपका म्हणजे एक छोटी खोली निघाली, भिंतीला चारी बाजूंनी मोत्याच्या रंगाच्या पात्या चिकटलेल्या. फुगे वर जातात, म्हणून थराचा माथा जास्त सच्छिद्र. डोंगर उलटापालटा झालाय का, हेही त्यावरून कळतं. इथं काही उलटलेलं नाही. जसं पडलं तसंच आहे.

जेवण वाडा कुंभरोशीला, प्रतापगडाच्या पायथ्याशी. पिठलं-भाकरी. तिथं मी विचारलं, बंद काळ किती होता? गंज बघून दिवस मोजता येतात का?

इथं सर सावध झाले. जाड बोल म्हणजे जास्त काळ, असं सरळ म्हणता येत नाही. पाऊस जास्त असेल तर माती लवकर होते, आणि काही बोलांत नुसती ज्वालामुखीची राखच मुरलेली असते. पण त्या राखेतच गंमत आहे. बेसाल्टमध्ये झिरकॉन या खनिजाचे कण क्वचित सापडतात. राखेतून ते येतात. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं सहसा घेत नाही. युरेनियमचं शिसं होण्याचा वेग पक्का आहे. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. तेव्हा आज आत जेवढं शिसं सापडेल तेवढं घड्याळ चाललं. घाटातल्या लाल पट्ट्यांतून असे कण वेचून जी वयं निघाली ती ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे, आणि या मुख्य उद्रेकाचा पसारा दहा लाख वर्षांच्या आत बसतो.

मग सरांनी पेपर नॅपकिनवर गणित मांडलं. समजा, या घाटात पन्नास थर आहेत. समजा, प्रत्येक थर यायला अगदी शंभर वर्षं लागली. झाली पाच हजार. बाकीची लाखो वर्षं कुठं आहेत?

कुणी काही बोललं नाही. मला तो दीड हजार मीटरचा काळा डोंगर एकदम पोकळ वाटायला लागला. एवढा सगळा दगड म्हणजे थोडक्या वर्षांचं काम, आणि खरा काळ त्या वीतभर लाल फटींत कोंबलेला. मी आयुष्यभर ब्रासच्या हिशेबानं काम मोजलं. इथं तो हिशेब चालत नाही.

घाट उतरताना सरांनी होकायंत्र काढलं, दाखवायलाच. लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाप्रमाणे लागतात आणि तसेच गोठतात. या घाटातले बरेचसे थर चुंबकाच्या हिशेबानं उलटे आहेत, म्हणजे ते गोठले तेव्हा आजच्या होकायंत्राच्या सुईनं दक्षिण दाखवली असती; महाबळेश्वरच्या माथ्याकडचे थर सुलटे. पृथ्वीचा चुंबक मध्येच पालटला. शिवाय ही दिशा जमिनीशी किती कोन करते त्यावरून अक्षांश निघतो. १९५६ साली क्लेग नावाच्या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या दगडांवर हे मोजलं तेव्हा उत्तर विषुववृत्ताच्या दक्षिणेचं आलं. खंडं सरकतात हे तेव्हा बहुतेकांना पटत नव्हतं. दगड खोटं बोलतोय की आपण, एवढाच प्रश्न उरला होता.

संध्याकाळी पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर चहा घेतला. जगभरच्या दख्खनच्या अभ्यासकांना हे गाव माहीत आहे, कारण थरांच्या एका संचाचं नावच ‘पोलादपूर’ आहे. त्याच्यावर ‘आंबेनळी’, त्याच्यावर ‘महाबळेश्वर’. डोळ्यांना सगळे सारखेच काळे. कॉक्स आणि हॉक्सवर्थ या भूशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ते रसायनावरून वेगळे केले. आंबेनळीच्या लाव्हात वर येताना वाटेतल्या पृथ्वीच्या कवचाचा दगड फारसा मिसळला नाही, पोलादपूरच्यात बराच मिसळला. म्हणजे दुधात पाणी किती, यावरून गवळी ओळखायचा. स्टँडवर ‘महाबळेश्वर, महाबळेश्वर’ अशी हाक ऐकली आणि आम्ही सगळे उगाच हसलो.

रात्री लॉजच्या गच्चीत एकानं विचारलं, या सगळ्याच्या खाली काय आहे? याचं उत्तर कोयनेनं दिलं. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर तिथल्या जमिनीचा अभ्यास कधी थांबलाच नाही, आणि अलीकडे तिथं खोल वेधनविवरं (बोअर) घेतली गेली. एक तर तीन किलोमीटर खोल. हजारेक मीटर बेसाल्ट संपला की खाली एकदम ग्रॅनाइट आणि नीस हा पायाचा कठीण खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मध्ये काही नाही. वाळू नाही, गाळ नाही. एका रेघेच्या वर ६ कोटी ६० लाख, खाली २५० कोटी. घाटातले लाल पट्टे वीतभर तरी होते. ही फट कागदाइतकीसुद्धा जाड नाही.

तिसरा दिवस : महाड, सव, म्हसळा, हरिहरेश्वर

हा दिवस गाडीतच जास्त गेला. महाडच्या अलीकडे पंक्चर, त्यात दीड तास.

महाड तालुक्यातच तळीये आहे. २२ जुलै २०२१ला तिथं दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला होता. आंबेनळी घाटही तेव्हा जागोजाग तुटला. कालपासून आम्ही ‘हळूहळू’ हा शब्द इतक्यांदा वापरला होता, की सरांनी इथं तो मागे घेतला. नद्या दगड हळूहळू कापतात हे खरं, पण ते ‘हळूहळू’ अशा रात्रींचंच बनलेलं असतं. एक पावसाळा शंभर वर्षांचं काम करतो, पुढचे पन्नास काहीच करत नाहीत. सरासरी काढणारा बसून काढतो. त्यावर मग कुणी फार बोललं नाही.

सवला सावित्रीच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत. हात बुडवून काकू म्हणाल्या, "ज्वालामुखी अजून जागा आहे तर." नाही. वज्रेश्वरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणात अशा झऱ्यांची जवळपास एक ओळच आहे, भेगांच्या पट्ट्यावर. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथं तापतं आणि वर येतं. पृथ्वी खाली गरम असते एवढं पुरे. त्याला ज्वालामुखी लागत नाही. इथंही दोन शक्यता मांडायच्या आणि कोणती खूण कुठलीला बाद करते ते बघायचं. ज्वालामुखी असता तर कोवळा लाव्हा कुठं आहे? नाही. मग बाद.

म्हसळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कापात एक काळी उभी भिंत आडव्या थरांना छेदून वर गेलेली दिसली. डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेला लाव्हा. जी गोष्ट दुसरीला कापते ती नंतरची. कापायला आधी काहीतरी असावं लागतं. कडेचा दगड काचेसारखा बारीक कणांचा, मधला जरा भरड. कडा थंड दगडाला टेकल्या म्हणून पटकन थिजल्या, मधल्याला वेळ मिळाला. ऊन इतकं होतं की आम्ही एवढंच बघून गाडीत बसलो.

चौथा दिवस : हरिहरेश्वर

संकष्टी. काकूंचा उपास, त्यामुळे सकाळी खिचडीची शोधाशोध. सरांना मात्र चतुर्थी वेगळ्या कारणानं हवी होती. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना आडाखा म्हणजे तिथीच्या पाऊणपट. चतुर्थी म्हणजे चार, त्याचे तीन. दुपारी तीनला भरती, म्हणून नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. प्रदक्षिणेची वाट ओहोटीतच नीट जाता येते.

कालभैरवाच्या देवळामागून कड्यातल्या अरुंद पायऱ्या उतरलो आणि बाहेर आलो तो समोर दगडाचा ओटा. समुद्रानं कडा पायथ्याशी कुरतडून मागे सारलाय आणि मागे हे सपाट अंगण सोडलंय. कड्यावर सगळीकडे भोकांची जाळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. पाचगणीला बघितलेली भोकंच वाटली आणि मी पुन्हा जांभा म्हणणार होतो. पण एकदा तोंड भाजलं होतं. हात लावला. काळाच दगड, पक्का. इथं लाटांचा तुषार दगडाच्या छिद्रांत जातो, पाणी उडतं, मीठ फुगतं आणि कण कण ढकलून काढतं. भोक एकसारखं दिसलं तरी कारण एक नसतं.

ओट्यावर रांजणखळगे होते, आणि एकात पाणी असताना गोटा अजून फिरत होता. लाट आली की गरगर, गेली की थांब. मी तीन मिनिटं नुसता तोच बघत बसलो. डोंगरात कधी कोरडा रांजणखळगा सापडला तर इथं पाणी वाहत होतं म्हणायचं, ते या गोट्याच्या भरवशावर. आज जे समोर घडताना दिसतं तेच पूर्वीही घडायचं, या एका गृहीतावर हे अख्खं शास्त्र उभं आहे, आणि त्यात ‘याच वेगानं’ असं कुणी म्हटलेलं नाही. तळीये आठवलं.

खाली वाळूत काळ्या रेघा उमटल्या होत्या, लाटेनं लावलेल्या. चालकदादांच्या किल्लीच्या गुच्छाला एक छोटं चुंबक होतं. त्यांनी ते वाळूत सहज फिरवलं, आणि उचललं तर त्याला काळी दाढी आली होती.

"लोखंड?"

"मॅग्नेटाइट," सर म्हणाले. "वरच्याच डोंगरातलं. सावित्रीनं आणलेलं."

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताच्या खाली, उलट्या उत्तरेकडे तोंड करून गोठलेले कण. आता किल्लीच्या गुच्छाला लटकले होते. दादांनी ते पँटला पुसले, निघेनात. पुन्हा वाळूत झटकले.

साडेदहाला पाणी ओट्याच्या कडेला लागलं. गोट्याच्या खळग्यात पहिली मोठी लाट आली आणि सर म्हणाले, चला, भरती लागली. काकूंची खिचडी पुढच्या गावात बघू.